पानावरच्या नागमोडी रेषा कशा वाचायच्या: रानटी झाडाझुडपांवरच्या नागअळ्या ओळखण्याची रीत

एरंड, घाणेरी, गारवेल, गवत. यांपैकी कशाचंही पान उलटसुलट करून पाहिलं, तर कुठे ना कुठे एखादी पांढुरकी वेडीवाकडी रेष किंवा फिकट डाग सापडतोच. ही रेष पानावर काढलेली नसते, ती पानाच्या आत असते. वरचा आणि खालचा पापुद्रा शाबूत ठेवून मधला हिरवा गर खात एक अळी पुढे सरकलेली असते. शेतकरी तिला नागअळी किंवा पानं पोखरणारी अळी म्हणतात. असं जगणाऱ्या कीटकांच्या दहा हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्या चार गटांत येतात: माश्या, पतंग, भुंगेरे आणि करवतमाश्या (नावात माशी असली तरी या गांधीलमाश्यांच्या नात्यातल्या).

बरेच जण रेषेचा एक छान फोटो काढतात आणि "ही कुठली अळी?" असं विचारतात. उत्तर सहसा मिळत नाही, कारण ज्यावरून ओळख पटते तेच फोटोत नसतं. रेष नागमोडी आहे हे कोणालाही दिसतं, पण नागमोडी रेषा शेकडो जाती काढतात. खरी माहिती तीन गोष्टींत असते: झाड कुठलं, अळीने विष्ठा कशी टाकली आणि कोष करायला ती कुठे गेली. आकार त्यानंतर येतो.

सोबत काय हवं

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, छोटी टॉर्च, एक बारीक सुई, झिपलॉकच्या थोड्या पिशव्या, टिश्यू पेपर आणि पेन्सिल. भिंग डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं आणि पान हळूहळू जवळ आणायचं. भिंग पानावर टेकवून वरून वाकून पाहिलं तर काही दिसत नाही, आणि मग लोक भिंगालाच नावं ठेवतात. सूक्ष्मदर्शक असला तर उत्तम, पण पहिल्या टप्प्यात त्याची गरज पडत नाही.

आधी खात्री करा की हा बोगदाच आहे

पान सूर्याकडे किंवा टॉर्चसमोर धरा. बोगदा असेल तर तेवढा भाग उजळ, पारदर्शक दिसतो आणि आत काळे ठिपके किंवा काळी रेघ दिसते. मग सुईच्या टोकाने त्या भागाचा वरचा पापुद्रा हलकेच उचला. तो सुटून आला आणि खाली पोकळी दिसली तर बोगदा. पापुद्राच नसेल, किंवा पान जाड आणि सलग असेल, तर प्रकरण वेगळं आहे.

गफलत करणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. काही अळ्या बाहेरून पान खरवडतात आणि फक्त एक पातळ पापुद्रा शिल्लक ठेवतात. लांबून तो फोडच वाटतो, पण तिथे दोन पापुद्रे नसतात. फुलकिडे पानातला रस शोषतात तेव्हा चंदेरी चट्टे उठतात. ते बारीक बारीक ठिपक्यांचे असतात आणि त्यांच्या आत पोकळी नसते. पानात शिरणारे सूत्रकृमी शिरांनी अडवलेले कोनाकोनाचे तपकिरी तुकडे करतात. बुरशीच्या डागांभोवती अनेकदा पिवळी कड असते आणि मध्ये कोरडा, चिकटून बसलेला भाग. गोगलगायीची वाळलेली लाळ तर बोटाने पुसली जाते. या चाचणीला अर्धं मिनिट लागतं, त्यामुळे ती कधी टाळू नये.

झाड ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नका

बहुतेक नागअळ्या खाण्याच्या बाबतीत फार हट्टी असतात. एकच झाड, फार तर एकाच गोत्रातली (जवळच्या जातींचा गट) किंवा कुळातली (जवळच्या गोत्रांचा मोठा गट) झाडं, याच्या पलीकडे त्या जात नाहीत. म्हणून झाडाचं नाव कळलं की शेकडो शक्यतांमधून चार-पाच उरतात. जात कळली तर उत्तम, गोत्र कळलं तरी चालतं, निदान कूळ तरी हवंच. फूल किंवा फळ असलेल्या फांदीचा एक फोटो याच कामासाठी काढून ठेवा. नुसत्या पोखरलेल्या पानावरून झाड ओळखणं नंतर अवघड जातं.

अपवाद मोजके आहेत, पण तेच सगळ्यात जास्त दिसतात. लिरिओमायझा ट्रायफोली ही पिवळी-काळी, जेमतेम दोन मिलिमीटरची माशी मूळची अमेरिकेतली. शोभेच्या झाडांच्या आणि भाज्यांच्या व्यापारातून ती जगभर पसरली. एरंडापासून टोमॅटोपर्यंत अनेक कुळांतल्या वनस्पतींवर ती जगते. क्रोमॅटोमाया हॉर्टिकोलाही अशीच, वाटाण्यापासून मोहरीपर्यंत काहीही चालवून घेणारी. या दोघींची खूण आधी पक्की करून ठेवली की बाकीचं काम हलकं होतं.

रेष कुठून सुरू झाली ते शोधा

बोगदा नेहमी अरुंद टोकाकडून रुंद टोकाकडे वाचायचा, कारण अळी वाढत जाते तसा तोही रुंदावतो. अरुंद टोकाशी अंडं घातलेलं असतं, आणि तिथे काय उरलं आहे याला महत्त्व आहे.

तिथे पानाच्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाहून लहान, चकचकीत, घुमटासारखा ठिपका असेल तर तो अंड्याचं रिकामं कवच असतो. नेप्टिक्युलिडी कुळातल्या अतिलहान पतंगांमध्ये हे कवच बोगदा वाळल्यावरही चिकटून राहतं. ते वरच्या बाजूला आहे की खालच्या, शिरेलगत आहे की मोकळ्या जागी, यावरूनही जाती वेगळ्या काढता येतात, म्हणून ते नोंदवायचंच. ट्रॅकिस गोत्रातले छोटे रत्नभुंगेरे अंड्यावर काळा, चमकदार थर चढवतात. पानं पोखरणाऱ्या हिस्पा (लहान, खरखरीत किंवा काटेरी पाठीच्या) भुंगेऱ्यांपैकी काहींच्या माद्या अंडं विष्ठेने किंवा कुरतडलेल्या पानाच्या भुग्याने झाकतात.

अंड्याची काहीच खूण दिसत नसेल, पण आसपास पानभर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके असतील, तर माशीचा संशय घ्या. ॲग्रोमायझिडी कुळातल्या माश्यांची मादी अंडं घालायच्या नळीनेच पानाला भोकं पाडते. त्यांतल्या बऱ्याच भोकांतून ती नुसता रस चाटते, थोड्यांतच अंडं घालते. एरंडाच्या कोवळ्या पानावर हे ठिपके मुबलक दिसतात, आणि ते दिसले की रेषा अजून उठायच्या असल्या तरी उठणार हे समजायचं.

आकार: उपयोगी, पण एकट्याच्या भरवशावर नको

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. एक लांबट रेष, दुसरा पसरट फोड, आणि तिसरा आधी रेष व मग फोड. तिसऱ्यात सुरुवातीची रेष बहुतेकदा वाढत्या फोडाच्या पोटात गडप होते, म्हणून फोड उजेडासमोर धरून तिचा माग काढावा लागतो.

याशिवाय एक वेगळा प्रकार आहे, तंबूचा. फिलोनोरिक्टर आणि तिच्या नात्यातल्या पतंगांच्या अळ्या बोगद्याच्या आत रेशीम विणतात. रेशीम वाळताना आकसतं, खालचा पापुद्रा सुरकुततो आणि वरची बाजू कमानीसारखी उचलली जाते. हा आकार एकदा पाहिला की विसरत नाही.

बोगदा पानाच्या कुठल्या थरात आहे तेही पाहा. फक्त वरून दिसतो, फक्त खालून दिसतो, की दोन्हीकडून? वरच्या थरातला बोगदा पांढराशुभ्र दिसतो, खालच्या मऊ थरातला हिरवट आणि अस्पष्ट, दोन्ही थर खाल्ले असतील तर आरपार. काही अळ्या गर खातच नाहीत, फक्त बाहेरच्या त्वचेच्या पेशी फोडून त्यातला रस पितात. अशा बोगद्याला चांदीसारखी झाक येते आणि त्याखाली पान हिरवंच राहतं.

विष्ठा पाहा, नीट पाहा

या साऱ्या ओळखपरेडीत सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा असं माझं ठाम मत आहे. पान उजेडासमोर धरा, भिंग लावा आणि काळे कण कसे पडले आहेत ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघत जा.

कण बोगद्याच्या दोन्ही कडांना, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असे पडले असतील, तर ती माशीची अळी. कारण साधं आहे. माशीची अळी कुशीवर पडून खाते आणि अधूनमधून कूस बदलते. तिचं तोंड म्हणजे दोन काळे आकडे, ते ती अर्धवर्तुळात फिरवत गर खरवडते. कूस बदलली की विष्ठेची बाजूही बदलते. याच खरवडण्याच्या खुणा ताज्या बोगद्यात बारीक कमानींसारख्या दिसतात.

काळी रेघ बोगद्याच्या मधोमध, सलग किंवा तुटक चालली असेल, तर बहुधा पतंगाची अळी. ती पोटावर किंवा पाठीवर सरळ पडून खाते, त्यामुळे मागे टाकलेलं मध्येच पडतं. रेघेची जाडीही बघायची. ती बोगद्याच्या रुंदीचा किती भाग व्यापते, कण सुटे आहेत की वळणावळणाने रचलेले आहेत, शेवटी शेवटी रचना बदलते का. नेप्टिक्युलिडींमध्ये अगदी जवळच्या दोन जाती केवळ एवढ्यावरून वेगळ्या काढता येतात.

फोडाच्या बाबतीत विष्ठा पसरलेली असते आणि गोंधळ वाढतो. तरी सुटे, कोरडे कण असतील तर भुंगेरा, करवतमाशी किंवा पतंग, आणि ओलसर, हिरवट-काळी, डागांसारखी पसरली असेल तर माशी, असा पहिला अंदाज धरता येतो. आणि विष्ठा मुळीच नसेल तर? तीही खूण आहे. काही अळ्या बोगद्याला भोक पाडून विष्ठा बाहेर ढकलतात. अशा वेळी पानाच्या खालची बाजू आणि त्याखालचं पान दोन्ही बघायची.

अळी आत असेल तर

फोड किंवा रेषेचं रुंद टोक उजेडासमोर धरलं की आतली अळी सावलीसारखी दिसते. शक्यतो तिला आतच बघा. बाहेर काढायचीच झाली तर सुईने पापुद्रा कडेने फाडा, मधून नाही, नाहीतर अळीच फाटते.

डोकं नाही, पाय नाहीत, पुढच्या टोकाशी आतून दिसणारा काळा आकडा: माशी. तपकिरी डोकं ठळक दिसतं, जबडे बाजूने चावणारे: बाकीच्या तिघांपैकी कोणी. डोकं चपटं, त्रिकोणी आणि पुढे आलेलं असेल तर पतंगाची शक्यता जास्त. छातीला तीन जोड पाय असून शरीर चपटं असेल तर करवतमाशी किंवा हिस्पा भुंगेरा. पाय अजिबात नाहीत, डोक्यामागचा पहिला वेढा बाकी शरीरापेक्षा रुंद आणि अळी पट्टीसारखी चपटी: ट्रॅकिस. करवतमाश्यांच्या पोखरणाऱ्या जाती मुख्यतः थंड प्रदेशांत बर्चसारख्या झाडांवर आणि जंगली ब्लॅकबेरीवर आढळतात. उष्ण प्रदेशात त्यांची शक्यता सर्वांत शेवटी धरायची.

ग्रॅसिलॅरिडी कुळातल्या पतंगांची एक गंमत आहे. त्यांची अळी लहानपणी कागदासारखी चपटी असते आणि नुसता रस पिते. पुढे कात टाकल्यावर तीच अळी गोलसर, पायवाली होऊन गर खायला लागते. एकाच झाडावर दोन निराळ्या अळ्या सापडल्या म्हणून दोन जाती लिहिण्याआधी हे आठवावं.

बाहेर कशी पडली, कोष कुठे केला

रिकामा बोगदा असेल तर त्याच्या रुंद टोकाशी निघण्याची वाट शोधा. पापुद्र्यात अर्धचंद्राकृती चीर असेल आणि आसपास कोष नसेल, तर पूर्ण वाढलेली अळी बाहेर पडून मातीत किंवा पालापाचोळ्यात गेली. लिरिओमायझा आणि बहुतेक नेप्टिक्युलिडी असंच करतात. ही चीर वरच्या बाजूला आहे की खालच्या, तेही लिहा.

कोष पानातच असेल तर शोध सोपा होतो. क्रोमॅटोमाया हॉर्टिकोलाचा कोष पानाच्या खालच्या बाजूला पापुद्र्याखाली राहतो, आणि श्वास घेण्यासाठी त्याच्या पुढच्या टोकाच्या दोन बारीक नळ्या पापुद्र्याबाहेर आलेल्या दिसतात. भिंगाखाली हे दोन काटे दिसले की लिरिओमायझा बाद. लिंबाच्या कुळातल्या पानाची कड दुमडलेली असेल आणि त्या दुमडीत कोष असेल तर फिलोक्निस्टिस. पानाच्या मध्येच लंबगोल तुकडा कात्रीने कापल्यासारखा गायब असेल तर हेलिओझेलिडी कुळातला पतंग: ही अळी बोगद्याच्या वरच्या-खालच्या पापुद्र्यांचे दोन तुकडे जोडून घर बनवते आणि त्यासकट खाली उतरते. ल्युकोप्टेरा गोत्रातले पतंग पानावर गुणाकाराच्या चिन्हासारखे किंवा दोन दांड्यांमध्ये आडवी पट्टी असल्यासारखे पांढरे रेशमी धागे ताणून त्याखाली कोष करतात.

नेहमीच्या वनस्पतींवर काय शोधायचं

*गारवेल आणि तिच्या कुळातल्या वेली.* सुरुवात इथून करावी असं मी प्रत्येकाला सांगतो, कारण इथला कीटक जगभर सापडतो आणि त्याची ओळख जवळजवळ चुकत नाही. बेडेलिया सोम्न्युलेंटेला नावाचा हा करडा, चिंचोळा पतंग आहे. त्याची अळी आधी केसाएवढी बारीक नागमोडी रेष काढते, मग ती सोडून देते आणि दुसरीकडे शिरून पारदर्शक फोड करते. एका पानावर असे कितीतरी फोड असतात आणि ते जवळजवळ रिकामे, स्वच्छ दिसतात. पान उलटा. खालच्या बाजूला विरळ रेशमी धाग्यांचं जाळं दिसेल आणि त्यात काळे कण अडकून लोंबत असतील. अळी शरीराचा मागचा भाग बोगद्याबाहेर काढून विष्ठा टाकते, तीच ही. थोडं शोधलं तर त्याच धाग्यांवर टांगलेला, कंगोरे असलेला, वर कसलंही वेष्टण नसलेला कोषही सापडतो. फोड, धागे आणि उघडा कोष, या तिन्ही खुणा मिळाल्या तर जातीच्या नावापर्यंत जायला हरकत नाही.

*एरंड.* पानाच्या वरच्या बाजूला पांढरी, गुंतागुंतीची नागमोडी रेष, विष्ठा दोन्ही कडांना, टोकाशी चीर, कोष बाहेर. हे चित्र लिरिओमायझा ट्रायफोलीचं. अळी फिकट पिवळी ते नारिंगीकडे झुकणारी. मात्र याच गोत्रातल्या लिरिओमायझा सॅटिव्हीचा बोगदा इतका सारखा असतो की नुसत्या पानावरून दोघींत फरक करता येत नाही. त्यासाठी नर माशीच्या जननेंद्रियांची तपासणी किंवा डीएनए लागतो. लिरिओमायझा हुइडोब्रेन्सिस ही तिसरी बहीण मुख्य शिरा धरून, पानाच्या खालच्या थरातही खाते. बोगदा शिरांना चिकटून चालला असेल तर तिचा विचार करा.

*सॉन्कस.* मोडला की दूध येणारा, पिवळ्या फुलांचा, पाथरीच्या गोतावळ्यातला हा तण रस्त्याकडेला सगळीकडे उगवतो. त्यावरच्या पांढऱ्या लांबट रेषा बहुधा क्रोमॅटोमायाच्या असतात. पान उलटून पापुद्र्याखालचा कोष आणि त्याचे दोन काटे शोधा. क्रोमॅटोमाया सिंजेनेसी ही हॉर्टिकोलाची जुळी वाटावी अशी जातही याच कुळावर जगते, म्हणून इथे गोत्रावर थांबणं शहाणपणाचं.

*घाणेरी.* इथे परीक्षा आहे. घाणेरीला आवर घालण्यासाठी अनेक देशांत मुद्दाम सोडलेले दोन हिस्पा भुंगेरे, युरोप्लाटा गिरार्डी आणि ऑक्टोटोमा स्कॅब्रिपेनिस, दोघांच्याही अळ्या पानात तपकिरी फोड करतात. शिवाय कॅलिकोमायझा लँटानी ही माशीही फोडच करते. तिघांचे जुने, वाळलेले फोड सारखेच दिसतात. ताजा फोड घ्या आणि आतली अळी बघा: डोकं आहे की काळा आकडा? डोकं असेल तर त्याच झुडपावर प्रौढ भुंगेरे शोधा. ते काही मिलिमीटरचे, खरखरीत, पाठीवर उंचवटे असलेले असतात आणि पानाचा पृष्ठभाग ओरबाडून ठेवतात. फोडातला कोषही भुंगेऱ्याचाच, कारण ती माशी कोष करायला पान सोडते.

*चाकवत आणि रुमेक्स (आंबट चुक्याच्या गोत्रातली तणं).* पसरट, फुगीर, ओलसर फोड आणि एकाच फोडात अनेक अळ्या असतील तर पेगोमाया गोत्रातली माशी. ही ॲग्रोमायझिडीतली नाही, अँथोमायिडी कुळातली आहे आणि तिच्या अळ्या आकाराने बऱ्याच मोठ्या असतात. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी, लांबट अंडी शेजारी शेजारी लावलेली सापडतात, तीही उबवून गेल्यावर. ही माशी समशीतोष्ण प्रदेशात जास्त. चाकवतावर फोड सापडला आणि आत एकच, डोकं असलेली अळी निघाली, तर ती गेलेकीडी कुळातल्या एखाद्या छोट्या पतंगाची.

*लिंबाच्या कुळातली रानटी झाडं, कामिनी वगैरे.* कोवळ्या पानावर चांदीसारखी चकाकणारी रेष, मधोमध सलग काळी रेघ, पान वेडंवाकडं वळलेलं आणि कड दुमडलेली. हा फिलोक्निस्टिस सिट्रेला. १८५६ साली कलकत्त्याहून मिळालेल्या नमुन्यांवरून इंग्रज कीटकशास्त्रज्ञ स्टेंटन यांनी त्याचं वर्णन केलं. पुढे तो जगभर लिंबूवर्गीय झाडांवर पसरला, १९९३ मध्ये फ्लोरिडात पोचला. जून पानावर तो सुरुवात करत नाही, म्हणून नवी पालवी फुटल्यावर शोधायचा.

*गवतं.* समांतर शिरांमुळे बोगदा पात्याच्या लांबीनेच जातो आणि आकारावरून फारसं काही कळत नाही. बाजूला पांढऱ्या, समांतर ओरखड्यांच्या रेषा असतील तर हिस्पा भुंगेऱ्याचं प्रौढ तिथे चरलं आहे. भातावरचा निळसर-काळा काटेरी हिस्पा इतर गवतांवरही आढळतो.

*करंज, जांभूळ, आंबा.* यांच्या कोवळ्या पानांवरचे पांढरे, पुढे तपकिरी होऊन फाटणारे फोड बहुतांशी ग्रॅसिलॅरिडी कुळाचे. कुळावर थांबा.

आत अळी नाही, भलतंच कोणी आहे

बोगद्याच्या मध्येच गोल, स्वच्छ कडेचं छोटं भोक दिसलं तर तिथून अळी निघालेली नाही, तिला खाणारी परजीवी गांधीलमाशी निघाली आहे. बोगदा रुंद होता होता एकदम संपला असेल तर हाच संशय धरायचा. डिग्लिफस इसीया ही गांधीलमाशी तर पाहण्यासारखी आहे. तिची मादी माशीच्या अळीला डंख मारून लुळी करते आणि शेजारी अंडं घालते. तिची अळी जेवण उरकल्यावर कोष करण्याआधी स्वतःभोवती विष्ठेचे उभे खांब रचते. बोगद्याचं छत खाली बसून कोष दबू नये म्हणून हा टेकू. पान उजेडासमोर धरलं की हिरवट-काळ्या कोषाभोवती हे काळे ठिपके गोलाकार दिसतात. याला नागअळीचा कोष समजून नोंद करणं फार सोपं आहे.

पाळून बघा

प्रौढ कीटक हातात आला की निम्मी भांडणं मिटतात. झिपलॉक पिशवीत किंवा झाकणाच्या डबीत टिश्यूची घडी ठेवा, वर पान. टिश्यू जादा ओल शोषून घेते आणि मातीत जाणाऱ्या अळीला लपायला जागाही मिळते. पाणी शिंपडू नका, पानाचा ओलावा पुरतो. उन्हात ठेवू नका. रोज उघडून बघा, पाण्याचे थेंब जमले असतील तर टिश्यू बदला. एका डबीत एकाच झाडाचे, एकाच प्रकारचे बोगदे.

अळी अजून लहान असेल तर तोडलेलं पान तिच्या आधी सडतं. अशा वेळी पूर्ण फांदी पाण्यात ठेवणं किंवा झाडावरच पानाला जाळीची पिशवी बांधणं बरं. लिरिओमायझाची अळी पानाबाहेर पडली की २० ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ७ ते १४ दिवसांत माशी निघते. माशी निघाल्या निघाल्या मारू नका: पंख पसरून रंग पक्का व्हायला तिला काही तास लागतात, आणि कच्च्या रंगाची माशी कोणालाच ओळखता येत नाही. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. पतंग मात्र अल्कोहोलमध्ये टाकायचा नाही, खवले निघून जातात. तो कोरडाच ठेवायचा.

पान दाबून ठेवा, नोंद लिहा

वर्तमानपत्रात दाबून वाळवलेलं पोखरलेलं पान वर्षानुवर्षं टिकतं. हॉर्स चेस्टनट या युरोपातल्या झाडाची पानं पोखरणारा कॅमेरारिया ओह्रिडेला हा पतंग १९८० च्या दशकात बाल्कन प्रदेशातल्या ओह्रिड सरोवराच्या परिसरात लोकांच्या नजरेत आला आणि १९८६ मध्ये त्याला नाव मिळालं. तो आला कुठून, यावर बराच वाद चालला. शेवटी जुन्या वनस्पतिसंग्रहांतली दाबलेली पानं तपासली, तेव्हा १८७९ मध्ये ग्रीसमध्ये गोळा केलेल्या पानांत त्याच्या अळ्या बोगद्यांसकट सापडल्या. त्यांच्या डीएनएवरून ओळख पटली. पानं जमवणारा माणूस झाड गोळा करत होता, त्याला अळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं.

पानाचे तीन फोटो पुरतात: वरची बाजू, खालची बाजू आणि उजेडासमोर धरून. शेजारी मोजपट्टी. पिवळं पडून गळलेलं पानही घ्या. त्यात बोगद्याभोवती हिरवा तुकडा राहिलेला असेल तर आवर्जून टिपा. काही फिलोनोरिक्टर पतंगांच्या बाबतीत अळीच्या शरीरातल्या वोल्बाकिया जीवाणूंमुळे तेवढा भाग हिरवा राहतो, हे २०१० मध्ये प्रयोगांतून दिसलं.

नोंद अशी लिहा: "एरंड. तारीख, ठिकाण. वरच्या बाजूस नागमोडी बोगदा, विष्ठा दोन्ही कडांना सुट्या कणांत, अंड्याची खूण नाही, आसपास टोचल्याचे ठिपके. पिवळी अळी एक, रिकामे बोगदे तीन, चीर वरच्या बाजूस. कोष पानात नाही. लिरिओमायझा, जात ठरवलेली नाही." शेवटचं वाक्य लिहायला संकोच वाटू देऊ नका. चुकीच्या जातीच्या नावापेक्षा बरोबर गोत्राची नोंद नंतर तपासणाऱ्याच्या जास्त कामाची असते, आणि डबीतल्या कोषातून माशी निघाली की तेच वाक्य खोडून पुढचं लिहिता येतं.